ड्यूटी लिस्टमध्ये नाव नाही, मग पगाराचं काय?

गणपतीत आणि दिवाळीत लोक ठरवून करायची ऑपरेशनं पुढे ढकलतात. वॉर्ड अर्धा रिकामा होतो, इन्चार्ज सिस्टर ड्यूटी लिस्टमधून तीन-चार नावं काढते आणि फोन करते, "उद्या येऊ नको गं, पेशंटच नाहीत." महिनाअखेरीला पगारातून ते दिवस कापलेले दिसतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या खासगी दवाखान्यांतल्या सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, आया, लॅब आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन यांना हे नवं नाही. काम केलं तेवढेच पैसे, असं धरून बहुतेक जण गप्प बसतात.

कायदा मात्र सगळ्यांसाठी असं म्हणत नाही. कोणाला किती मिळायला हवं हे तीन गोष्टींवर ठरतं. नेमणूक कशी आहे, तुम्ही दवाखान्यात पोचला होता की घरूनच थांबवलं, आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्या तारखेपुढे काय लिहिलं गेलं. तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण दावे बुडतात ते बहुधा तिच्यामुळेच.

आधी कायद्याचं चित्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. किमान वेतन कायदा १९४८, वेतन प्रदान कायदा १९३६, औद्योगिक विवाद कायदा १९४७ वगैरे जुने कायदे त्यांत सामावले गेले. आपल्या प्रश्नाला लागू पडतात त्या प्रामुख्याने दोन, वेतन संहिता २०१९ आणि औद्योगिक संबंध संहिता २०२०. जुने नियम आणि अधिसूचना नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात. त्यामुळे 'कायदाच बदलला, आता काही मिळत नाही' असं ऑफिसात कोणी सांगितलं तर ते ऐकून परत फिरू नका. उलट, पगाराच्या बाबतीत दावा करायची मुदत वाढली आहे.

मासिक पगारावर असाल तर

नेमणूकपत्रात महिन्याचा आकडा लिहिलेला आहे, मस्टरवर नाव आहे, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातो, तर तुम्ही मासिक पगारी. दवाखान्याकडे पेशंट कमी आहेत हा दवाखान्याच्या धंद्याचा भाग झाला. तुम्ही कामाला तयार आहात आणि त्यांनीच येऊ नको म्हटलं, तर ती गैरहजेरी होत नाही.

वेतन संहितेत पगारातून कशाकशाची कपात करता येते याची यादी आहे. यादीबाहेरची कपात बेकायदा. गैरहजेरीची कपात त्या यादीत आहे, पण गैरहजेरी म्हणजे नेमणुकीच्या अटींप्रमाणे जिथे हजर राहायचं होतं तिथे न राहणं. आणि कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. चार तास नसाल तर चार तासांचीच. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत.

इथे एक गैरसमज वारंवार होतो. 'ले-ऑफ केलं', म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, 'तर निम्मा पगार द्यावा लागतो' हे अनेकांनी ऐकलेलं असतं. तरतूद खरी आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. पण ती कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी, तेही ५० किंवा जास्त कामगार असतील तर. दवाखाना त्यात बसत नाही. मग काही व्यवस्थापक एक पाऊल पुढे जातात आणि म्हणतात, 'ती तरतूद आम्हाला नाही, म्हणजे आम्ही काहीच देणं लागत नाही.' हे अगदी उलटं आहे. निम्म्या पगारावर घरी बसवायची ती सवलत कायद्याने ज्यांना दिली आहे त्यांनाच आहे. बाकीच्या मालकांना तसा अधिकार हवा असेल तर तो नेमणुकीच्या करारात किंवा स्थायी आदेशांत (आस्थापनेच्या नोकरीच्या लेखी नियमांत) लिहिलेला असावा लागतो. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फायरस्टोन टायर कंपनीच्या खटल्यात हेच सांगितलं. कायद्यात वा करारात अधिकार नसेल तर मालकाला कामगाराला बिनपगारी बसवता येत नाही.

म्हणून आधी नेमणूकपत्र काढून वाचा. 'रुग्णसंख्येनुसार ड्यूटी कमी-जास्त होईल व त्याप्रमाणे वेतन दिले जाईल' असं काही कलम आहे का? नसेल तर तुमची बाजू भक्कम. असेल तर वाद कठीण होतो, पण त्या कलमाच्या आधारे किमान वेतनाचा दर मोडता येत नाही. नेमणूकपत्रच दिलेलं नसेल तर लेखी मागा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे.

कपातीचा हिशेबही तपासा. समजा, पगार १५,६०० रुपये. २६ ने भागलं तर दिवसाचे ६०० होतात, ३० ने भागलं तर ५२०. दिवस कापताना २६ ने भागायचं आणि जादा ड्यूटीचे पैसे देताना ३० ने, असा उद्योग काही ठिकाणी चालतो. पाच दिवस कापले आणि पाच ड्यूट्या जादा केल्या तर ३,००० गेले आणि २,६०० आले, म्हणजे फुकटात ४०० रुपयांचा चुना. आणि मुळात नेहमीच्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे मिळायला हवेत. 'आज घरी जा, पुढच्या आठवड्यात डबल ड्यूटी करून भरून काढ' ही तडजोड गोड वाटते, पण तिच्यात ओव्हरटाइमचा दुप्पट दर गुपचूप गायब होतो.

रोजावर, पर ड्यूटीवर असाल तर

आया, वॉर्डबॉय, ड्रेसर आणि हल्ली बऱ्याच सिस्टरसुद्धा ड्यूटीच्या हिशेबाने काम करतात. यांचं संरक्षण कमी, पण शून्य नाही.

वेतन संहितेचं कलम १० लक्षात ठेवा (जुन्या किमान वेतन कायद्यात हेच कलम १५ होतं). ज्याचा किमान दर दिवसावर ठरला आहे असा माणूस कामावर आला आणि पूर्ण दिवसापेक्षा कमी तास काम झालं, तर त्याला पूर्ण दिवसाचा पगार मिळतो. मुख्य अपवाद एक. काम कमी झालं ते त्याच्या अनिच्छेमुळे असेल तर नाही. मालकाने काम पुरवलं नाही म्हणून असेल तर पूर्ण दिवस मिळायलाच हवा. सकाळी आठला आलात, अकराला दोन पेशंट डिस्चार्ज झाले आणि 'आता जा' म्हणून पाठवलं, तर तीन तासांचे नव्हे, पूर्ण ड्यूटीचे पैसे.

पण कलमात 'कामावर आला' असं गृहीत आहे. गेटवरूनच परत फिरवलं आणि मस्टरवर सही झालीच नाही, तर तुम्ही आला होता की नाही यावरच वाद सुरू होतो. म्हणून आत जा, बायोमेट्रिक करा किंवा सही करा, हँडओव्हर (आधीच्या पाळीकडून कामाचा ताबा) घ्या, हँडओव्हर बुकात वेळ घाला. मग 'जा' म्हणतील तेव्हा जाण्याची वेळही घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

घरूनच थांबवलं असेल तर रोजावरच्या माणसाला कलम १० थेट मदत करत नाही. तिथे करार काय म्हणतो ते पाहावं लागतं. म्हणून ड्यूटीवर काम घेतानाच 'महिन्याला किमान अमुक ड्यूट्या' हे लेखी मागा. बोलायला अवघड वाटतं खरं, पण सिस्टरची टंचाई असलेल्या दवाखान्यात, विशेषतः आयसीयू आणि डायलिसिसचा अनुभव असेल तर, ही मागणी मान्य होऊ शकते. वॉर्डबॉयने एकट्याने मागितलं तर कोणी ऐकणार नाही. चार-पाच जणांनी मिळून मागा.

कर्नाटकात रुग्णालयं आणि नर्सिंग होम यांसाठी किमान वेतनाचे दर अधिसूचनेने ठरतात आणि महागाई भत्त्याचा भाग दरवर्षी १ एप्रिलला बदलतो. एप्रिलचा पगार मे महिन्यात हातात येतो तेव्हा तो जुन्याच दराने आला नाही ना, हे पाहून घ्या. दर कामाच्या प्रकारावर आणि ठिकाणावर ठरतो. सिस्टर म्हणून काम घेऊन मदतनीसाच्या दराने पगार देणं हीसुद्धा कमी वेतनाचीच तक्रार होते.

एजन्सीमार्फत असाल तर

हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि मोठ्या दवाखान्यांत वॉर्डबॉयसुद्धा ठेकेदाराचे असतात. दवाखाना म्हणतो एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते दवाखान्याने माणसं कमी केली. कायद्याचं उत्तर असं: पगार द्यायची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने दिला नाही तर मूळ आस्थापनेने, म्हणजे दवाखान्याने, द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करून घ्यायचा. म्हणून तक्रारीत दोघांनाही प्रतिवादी करा. फक्त एजन्सीचं नाव घातलं आणि एजन्सी गाशा गुंडाळून गेली, तर हातात कागद उरतो, पैसे नाही.

घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या ब्यूरोंचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. पगार ब्यूरो देतो की पेशंटचं घर देतं, यावर मालक कोण ते ठरतं. पैसे ब्यूरोच्या खात्यातून येत असतील तर बँकेचा उतारा जपून ठेवा.

ईएसआयचा न दिसणारा फटका

ड्यूट्या कमी झाल्या की फक्त पगारच जातो असं नाही. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचा ईएसआय कापला जातो, ०.७५ टक्के तुमचे आणि ३.२५ टक्के मालकाचे. आजारपणात मिळणारा रोख लाभ (वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) हवा असेल तर सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क ठरतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला.

७८ भागिले ६ म्हणजे महिन्याला १३ दिवस. कोणाला महिन्याला बाराच ड्यूट्या मिळाल्या तर सहा महिन्यांत ७२ दिवस होतात. पुढे काविळीने महिनाभर अंथरुणाला खिळली तरी रोख लाभ नाही. सहा दिवसांनी हुकलं. बाळंतपणाच्या लाभाला मागच्या सलग दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवस लागतात, तिथे जरा सवड आहे. ऑगस्टअखेर ईएसआयच्या पोर्टलवर आपले दिवस मोजा. कमी पडत असतील तर सप्टेंबरच्या ड्यूटी लिस्टआधीच इन्चार्जशी बोला. बहुतेक इन्चार्ज सिस्टरना हा हिशेब माहीत नसतो, सांगितला की त्या दोन ड्यूट्या इकडच्या तिकडे करून देतात.

२४० दिवस

बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग एक वर्षाची नोकरी धरली जाते. मग कामगार कमी करायचे म्हणून काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. यासाठी ५० कामगारांची अट नाही. २४० मोजताना फक्त प्रत्यक्ष ड्यूट्या मोजू नका. अमेरिकन एक्स्प्रेसच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने रविवार आणि पगारी सुट्ट्याही त्यात धरल्या. भरपगारी रजा आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजाही धरतात. २३० च्या आसपास येताच ड्यूट्या बंद करून 'ब्रेक' द्यायचा आणि महिन्याने पुन्हा बोलवायचं, हा जुना खेळ आहे. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. हे २४० दिवसांचे हक्क 'उद्योगा'तल्या कामगारांना मिळतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालाने रुग्णालयं 'उद्योग' ठरली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कामाला वाहिलेल्या संस्थांच्या आस्थापना त्या व्याख्येतून वगळल्या. आपल्या भागात ट्रस्टचे दवाखाने बरेच, त्यामुळे २४० दिवसांच्या वादात हा मुद्दा पुढे येणार हे धरून चाला. पगाराच्या दाव्याला तो लागू होत नाही. वेतन संहिता ट्रस्टच्या दवाखान्यालाही बांधील ठेवते.

सीमाभागातल्या खास अडचणी

चंदगडहून रोज बेळगावला येणारी सिस्टर, निपाणीहून कोल्हापूरला जाणारा टेक्निशियन, कागवाड-उगारहून मिरजेला नाइटला जाणारी आया. दर आणि ऑफिस ठरतं ते कामाच्या जागेवरून, राहत्या गावावरून नाही. मिरजेत काम असेल तर महाराष्ट्राचे दर आणि सांगली जिल्ह्यातलं कामगार कार्यालय. बेळगावात काम असेल तर कर्नाटकचे दर आणि बेळगावचं लेबर ऑफिस.

सीमेवर तणाव झाला की महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकच्या सरकारी बस दोन्ही हद्दीवरच थांबतात. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी दवाखाना चालू आहे आणि तुम्ही पोचू शकला नाहीत, तर ती 'काम नाही' ची स्थिती नव्हे. तेवढ्या दिवसाची प्रमाणात कपात कायद्यात बसते. ड्यूटीच्या वेळेआधी मेसेज करून शिल्लक रजा किंवा सी-ऑफ (जादा ड्यूटीच्या बदल्यातली सुट्टी) लावायला सांगा, म्हणजे कपात टळू शकते. उलट पुरामुळे दवाखान्यानेच वॉर्ड बंद ठेवला आणि तुम्ही यायला तयार होता, तर कपातीला आक्षेप घ्या.

भाषेचं सांगायचं तर, कन्नडमधला कागद वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. हिशेब चुकता केल्याचा कागद किंवा राजीनामा हजेरीच्या कागदांत मिसळून पुढे केला जाऊ शकतो. ऑफिसात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिला की लवकर हलतो. मजकूर मराठीत पक्का करा, मग भाषांतर करून घ्या आणि दोन्ही प्रती जवळ ठेवा.

मस्टर, आणि मग दावा

सगळ्यात मोठी चूक होते ती नंतर. दिवस रिकामा गेल्यावर ऑफिसातून निरोप येतो, 'त्या चार दिवसांचा बिनपगारी रजेचा अर्ज देऊन टाक, मस्टर नीट करायचं आहे.' मोकळ्या मनाची सिस्टर देऊन टाकते. त्या एका कागदाने 'दवाखान्याने काम दिलं नाही' याचं 'तिने स्वतः रजा मागितली' होतं, आणि वर सांगितलेलं बहुतेक सगळं संरक्षण जातं. असा अर्ज देऊ नका. द्यायलाच लागला तर त्यात लिहा, 'दि. ... ते ... मी कामास तयार होते. रुग्ण नसल्याने येऊ नये असे इन्चार्जनी कळवले.'

फोनवर ड्यूटी रद्द झाली की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: "सिस्टर, आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे उद्याची मॉर्निंग ड्यूटी रद्द आहे. मी यायला तयार आहे, गरज पडली तर कळवा." यात भांडण नाही, आणि तारीख-वेळेसह पुरावा झाला. ड्यूटी लिस्ट लागते तेव्हा फोटो काढा, बदलली की पुन्हा काढा.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. नोकरी सोडली किंवा काढलं तर दोन कामकाजी दिवसांत. कपात दिसली की आधी व्यवस्थापनाला लेखी पत्र द्या. तारखा, कापलेली रक्कम, आणि 'मी कामास तयार होते' हे वाक्य त्यात हवं. पोच म्हणून प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवस वाट पाहून मग बेळगावच्या लेबर ऑफिसात जा. कर्नाटक श्रम खात्याची १५५२१४ ही हेल्पलाइनही आहे. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा, ड्यूटी लिस्टचे फोटो आणि मेसेजचे प्रिंट न्या.

वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पूर्वी किमान वेतनासाठी सहा महिने आणि वेतन प्रदानासाठी एक वर्ष होतं. दावा स्वतः करता येतो किंवा नोंदणीकृत युनियनमार्फत. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. अधिकारी थकीत रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न त्याने करायचा असतो.

दावा चालू असताना एकच पथ्य पाळा. चिडून सगळ्या वॉर्डाने एकाच दिवशी रजा टाकू नका. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून घेतलेली किरकोळ रजा नव्या संहितेत संप धरली जाते, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. त्याखेरीज दहा किंवा अधिक जण ठरवून, सूचना न देता आणि सबळ कारण नसताना गैरहजर राहिले, आणि नेमणुकीच्या अटींत नोटिशीचं कलम असेल, तर मालक आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. चार दिवसांची कपात परत मिळवायला निघून आठ दिवस घालवू नका.